टाच

"गुडघ्याला लावायला काहीतरी द्या वस्ताद. पाऊल काय बघताय?"

कस्तुरा मगदूम कडाडली. शिरोळची पैलवान. तीन वर्षं तिला कुणी चीत केलं नव्हतं. आता उजवा गुडघा सुजलेला आणि राज्याच्या संघाची निवड आठ दिवसांवर.

मिरजेच्या तालमीतले, पैलवानांचे सांधे बघणारे म्हातारे इलाही वस्ताद तिच्यासमोर जमिनीवर बसले होते.

"पुन्हा बस. उकिडवी."

ती बसली. वस्तादांनी तिच्या उजव्या टाचेखाली बोट घातलं. आरपार गेलं.

"टाच टेकव."

"माझी बसायची पद्धतच अशी आहे."

"टेकव."

तिनं टाच टेकवली... आणि तोल जाऊन पाठीवर पडली. तांबड्या मातीत, उताणी.

"कुणी पाडलं?" वस्तादांनी विचारलं.

ती माती झटकत उठून बसली. वस्तादांनी तिचा उजवा घोटा धरला.

"हा घोटा कधी मुरगळला होता?"

"चार वर्षं झाली. आता दुखत नाही."

"दुखत नाही, आणि वाकतही नाही. त्याचं काम गुडघा करतोय."

त्यांनी तिला भिंतीसमोर उभं केलं. पाऊल अर्धी वीत मागं, टाच जमिनीला, गुडघा भिंतीला लावायचा. डावा सहज लागला. उजवा चार बोटं अलीकडंच अडला.

"रोज हेच कर. गुडघा लागेपर्यंत कुस्ती बंद."

"मी निवडीला जाणार!"

"जा."

एवढंच. त्यांनी अडवलं नाही... तीच दारातून परत फिरली. भिंतीसमोर उभी राहिली, दात खाऊन गुडघा पुढं रेटला.

"हा बघा, लागला!"

टाच वर उचलली गेली होती.

"भिंत काही निवड समितीत नाही, पोरी," वस्ताद म्हणाले. "तिला फसवून काय मिळणार?"

तिनं पिशवी मातीत आपटली. टाच टेकवली. पुन्हा वाकली.

निवडीच्या दिवशी ती तालमीतच होती. सकाळपासून भिंतीसमोर वाकत होती. भिंत अजून दोन बोटं लांब.

"तिकडं माझ्या जागी दुसरी लढतेय," ती शेवटी म्हणाली. "आणि मी इथं भिंतीला गुडघा लावत बसलेय. मला पटलेलं नाही, वस्ताद. अजूनही नाही."

"राग आलाय?"

"आलाय. आणि तो जाणारही नाही."

वस्तादांनी वाकून तिच्या उजव्या टाचेखाली बोट घालून बघितलं. शिरलं नाही.

"जाऊ देऊ नकोस. फक्त टाचेत ठेव."