चुका शोधायच्या कुणी?

अंध वाचकांना मराठी पुस्तकं वाचून दाखवणारं एक खुलं, मोफत सॉफ्टवेअर शर्वाणी आणि तिच्या मित्रांनी तयार केलं होतं. वाचक कधीचे वाट पाहत होते. पण या प्रकल्पाचे प्रमुख असलेले धारपसर अडून बसले होते. "एकही चूक सापडणार नाही, तेव्हाच लोकांना द्यायचं!"

"मान्य, सर. तुम्हीच तपासा," म्हणत शर्वाणीने स्क्रीन बंद केला. "आपले वाचक असंच वापरणार."

सर बराच वेळ चाचपडत राहिले.

"सापडली चूक?"

"नाही."

"मग आजच देऊ या!"

"अगं, मला वापरताच आलं नाही!"

"ज्यांना येईल, त्यांच्या हाती दिल्याशिवाय चुका सापडणार कशा, सर?"

सर खळखळून हसले. कच्ची आवृत्ती त्याच दुपारी बाहेर पडली. संध्याकाळी एका वाचकाने पहिली चूक कळवली, तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद सरांनाच झाला.