पाटील साहेबांची पांढरी गाडी

आमच्या तालुक्याच्या वाचनालयाचे अध्यक्ष बाजीराव पाटील यांनी फर्मान काढलं, की पुस्तक नावानंच मागायचं, पुस्तकावर छापलेल्या आयएसबीएन नंबरानं नाही. "पुस्तकं काय तुरुंगातले कैदी आहेत, नंबरानं हाका मारायला?" असं म्हणून ते स्वतःच हसले.

हसायला त्यांचं काय जातंय? रेहाना मुजावर खेड्यावरून एसटीनं यायची. परीक्षेसाठी तिला जमीन कायद्याच्या पुस्तकाची नवी आवृत्ती हवी होती. आवृत्तीगणिक नंबर वेगळा असतो, पण नाव तेच. त्यामुळे नाव सांगितलं की दर खेपेला जुनंच पुस्तक हातात पडायचं आणि पोरीचा दिवस फुकट जायचा.

वर्धापनदिनाचं सूत्रसंचालन रेहानाकडे होतं. पाटील भाषणाला उभे राहिले, तेवढ्यात बाहेर अडकलेली एसटी हॉर्न वाजवायला लागली. रेहाना दारापर्यंत जाऊन आली आणि माईकवर म्हणाली, "पाटील साहेबांची पांढरी गाडी रस्त्यात आडवी आहे. कृपया काढावी."

अर्धा हॉल उठला. आमच्याकडे पाटील किती आणि पांढऱ्या गाड्या किती, हे काय सांगायला हवं? दारात नुसती चेंगराचेंगरी.

"अगं, गाडीचा नंबर सांग की," अध्यक्ष खेकसले. "नुसत्या नावावरून कुणाला काय कळणार?"

"सांगते, साहेब. आधी माझ्या पुस्तकाचा नंबर लिहून घ्या."

हॉर्न थांबत नव्हता. अध्यक्षांनी पेन काढून पुस्तकाचा नंबर लिहून घेतला.

मग रेहानानं गाडीचा नंबर सांगितला. गाडी अध्यक्षांचीच होती.