हुरड्याचं आमंत्रण

सेनापती हैबतराव नव्या तोफांची चाचणी कोरवली परगण्यावरून गोळे डागून घेत. मागच्या खेपेला गोळा आखूड पडून एक मेंढपाळ मेला. तेव्हा देशमुखीण म्हाळसाबाई त्यांना म्हणाल्या, "आधी आम्हाला विचारत जा. माणसं तरी हलवू."

सेनापती हसले. "गोळे डोक्यावरून जातात, बाई. एखादाच चुकतो. त्यात विचारायचं काय?"

बाईंनी त्यांना हुरड्याला बोलावलं. ते आगटीपाशी टेकतात न टेकतात, तोच ज्वारीतल्या माळ्यांवरच्या राखणदारांनी पाखरं हाकायला गोफणी फिरवल्या. दगड सूं सूं करत पागोट्यावरून जाऊ लागले.

सेनापती मातीत आडवे झाले. "अरे, माणूस बसलाय इथं! मला विचारल्याशिवाय दगड मारता?"

"एवढंच आमचं मागणं आहे, सरकार," बाई म्हणाल्या.

पुढच्या चाचणीआधी स्वार विचारायला आला. शेवटचं मेंढरू हलेपर्यंत बाईंनी त्याला ताक पाजत बसवून ठेवलं.