पाचोळ्यातली परी

रेवूच्या आईचे हात तिनं बांधलेल्या खराट्यांसारखेच खरखरीत झाले होते. दिवसभर नारळाच्या झावळ्यांचे हीर, म्हणजे पात्यांमधल्या काड्या, तासायचे, त्यांच्या जुड्या बांधायच्या, आणि संध्याकाळी हातांच्या भेगांना खोबरेल लावत बसायचं. भाकरी थापताना भेगांत पीठ शिरलं, की आई ओठ घट्ट मिटून घ्यायची. रेवूला ते दिसायचं. आईचे हात बरे व्हावेत, एवढी एकच इच्छा तिच्या इवल्याशा मनात सारखी घुटमळायची.

त्यांच्या झोपडीमागं हिरवीगार राई होती. ती कुणा एकाची नव्हती, सगळ्या गावाची होती. तिच्यातून पायवाटा गेल्या होत्या. एक फुलपाखरांची, एक धनेश पक्ष्यांची, आणि एक नुसती वळणं घेत घेत झऱ्यापर्यंत जाणारी. शाळेतली मुलं तिथं झाडांची नावं शिकायला यायची, आणि दर रविवारी अख्खं गाव श्रमदानाला. राईचा एक रिवाज होता. तिथलं काहीही घ्यायचं, अगदी खाली पडलेलं जांभूळ का असेना, तर आधी मोठ्यानं विचारायचं, "घेऊ का?" मग जरा थांबायचं, आणि मगच उचलायचं.

श्रमदानाचे म्होरके भिकूआजोबा मोठे टापटिपीचे. "राई कशी देवघरासारखी लख्ख हवी," असं म्हणायचे. मग रेवूच्या आईकडून घेतलेल्या खराट्यांनी मंडळी झाडाखालचं पान न् पान झाडायची आणि ढीग करून पेटवून द्यायची. राई इतकी लख्ख झाली, की मुंगीलासुद्धा लपायला जागा उरली नाही. गावाला मात्र त्याचं कोण कौतुक.

एका गारठ्याच्या, सोनेरी सकाळी रेवू झऱ्यावर पाणी आणायला निघाली. बदामाच्या झाडाखाली झाडताना एकच पान राहून गेलं होतं, लालचुटुक. ते थरथरत होतं, आणि वारा तर जराही नव्हता. रेवूनं वाकून विचारलं, "उचलू का?"

"नको गं," पानाखालून बारीकसा आवाज आला. "एवढंच पांघरूण उरलंय मला."

पानाची कड वर झाली आणि अंगठ्याएवढी परी बाहेर डोकावली. तिचा झगा फणसाच्या पिवळ्या पानाचा होता, केसांत दवाचे मणी लुकलुकत होते. पण चिमुकले पंख मलूल होते आणि ती कुडकुडत होती. रेवूनं डोक्याचा रुमाल सोडून तिला अलगद गुंडाळलं.

"पानाला विचारणारी तू पहिलीच," परी म्हणाली. "तीन इच्छा माग. पण नियम ऐक. मी नवं काही घडवत नाही, इथलं तिथं नेते फक्त. कुठून आणणार ते मी सांगेन, आणि 'हो' की 'नको' ते तू सांगायचं. एकदा 'नको' म्हणालीस, की ती इच्छा तुला परत मागता यायची नाही."

रेवूला विचार करावाच लागला नाही. "माझ्या आईचे हात मऊ होऊ देत."

"त्या फांदीवरच्या कोशांतला मऊपणा काढून आणते. आतली फुलपाखरं मात्र बाहेर येणार नाहीत."

रेवूनं वर पाहिलं. त्यातला एक कोश किंचित हलला. तिचे डोळे भरून आले. किती दिवस जपलेली इच्छा होती ती. "नको," ती कशीबशी म्हणाली.

मग तिनं आईसाठी दुपारची निवांत झोप मागितली.

"घुबडाच्या पिल्लाची आणते. मग त्याला दिवसा झोप नाही."

"मग राहू दे. लहान आहे ते अजून."

तेवढ्यात परी शिंकली. रेवूला तिची फार माया आली. "तुला तुझी सगळी पानं परत मिळू देत," ती म्हणाली.

परीनं रुमालातून मान वर काढली. "ती खराट्यांकडून घ्यावी लागतील, बाळा. पानं झाडायचीच नाहीत, तर तुझ्या आईचे खराटे कोण घेणार?"

"हे मी एकटीनं नाही सांगणार," रेवू म्हणाली. "आईला विचारून येते."

आईनं सगळं ऐकून घेतलं. ती हसली नाही, रागावलीही नाही. "खराटे नाहीत, तर आपण खायचं काय गो?" एवढंच तिनं हळूच विचारलं. मग हातातला कोयता बाजूला ठेवला.

"आपण जांभळालासुद्धा विचारतो. पानांना कधी विचारलंच नाही. केरच तो, त्याला काय विचारायचं, असं वाटलं. जा, हो म्हणून सांग तिला. गावाला मी सांगते." रेवू धावत गेली आणि परीला 'हो' सांगून आली.

रविवारी आई रिकाम्या हातांनी सगळ्यांपुढं उभी राहिली. "भिकूकाका, आज खराटे नाही आणले."

"मग केर कशानं काढायचा?" भिकूआजोबा तडकले.

"तो केर नाही, काका. राईचं पांघरूण आहे ते. 'घेऊ का?' असं विचारलंय आपण कधी?"

भिकूआजोबांनी टोपी काढली. रिवाज म्हणजे रिवाज. बदामाकडं बघून त्यांनी मोठ्यानं विचारलं, "पानं घेऊ का?" सगळे थांबले. वरून एक लाल पान गिरक्या घेत आलं आणि नेमकं त्यांच्या टकलावर बसलं. त्यांनी ते झटकलं नाही. "नको म्हणतंय," ते हळूच म्हणाले.

आणि मग लाल, पिवळी, तांबूस पानं झरझर झरू लागली. वाटा सोडून सारी जमीन मऊमऊ झाली. आजोबा रेवूच्या आईला म्हणाले, "पोरी, शाळेच्या मुलांना बसायला मांडव हवाय. त्याला झावळ्यांची झापं विणून देशील? मुलांनाही शिकव. पोटाची काळजी गावावर सोड."

संध्याकाळी परी रेवूला झऱ्यापाशी भेटली. तिचे पंखुले आता लखलखत होते. "आता एक इच्छा माझी," ती म्हणाली. "आईचे हात मऊ होऊ देत. कुठून आणू? माझ्या झळाळीतून. आणि ती माझीच आहे, म्हणून 'हो' मीच म्हणते."

"मग तू विझशील ना?" रेवू घाबरली.

"पानांत झोपले की पुन्हा उजळेन. आता झोपायला जागा आहे मला."

चंदेरी, गुलाबी, केशरी उजेड राईभर पसरला, आणि त्या उजेडात परी दिसेनाशी झाली.

"काय गो हा उजेड?" म्हणत आई धावत आली आणि तिनं रेवूचं तोंड आपल्या दोन्ही हातांत धरलं. रेवूनं ते मऊ हात तसेच गालांवर धरून ठेवले.