गाठ मारलेलं गवत

फार फार जुनी गोष्ट आहे. खोटी वाटली तर अर्धीच माना. एका राजाच्या कुरणात गवत इतकं माजायचं, की उंट आत शिरला तर तिसऱ्या दिवशी बाहेर पडायचा, आणि तोही भलत्याच गावात.

राजाने पागेवर नवा नाईक नेमला. मिशा घोड्याच्या शेपटीएवढ्या, ऐट त्याहून लांब. जीव मात्र एकीवरच, वावडी नावाच्या घोडीवर.

पहिल्याच दिवशी त्याला कुरणात जागोजागी गाठ मारलेलं गवत दिसलं. कापणाऱ्या बायका तेवढं सोडून पुढे जात होत्या. 'असं होय! चांगला चारा आपल्या म्हशींना राखताहेत,' तो मनात म्हणाला.

"कोणी मारल्या या गाठी?"

"मी," म्हातारी ठकूबाई म्हणाली. "अहो नाईक, त्या गाठीत..."

"चोरी आहे! नाव ठकू नि धंदा ठकाचा!"

घोड्यांची निगा राखणारे मोतद्दार खो खो हसले. ठकूबाई विळा उचलून पुढचं गवत कापू लागली.

नाईकाने गाठींचंच गवत कापवलं, वाळवलं आणि एका सकाळी स्वतःच्या हाताने वावडीला घातलं. दुपारपर्यंत तिचे पाय लटपटू लागले. डोळे विस्फारले. ती भिंतीवर डोकं आपटू लागली.

वैद्यांनी विचारलं, "काय खाल्लं हिने?"

उत्तर जिभेवर होतं. पण मोतद्दार कान टवकारून उभे होते.

"रोजचंच," नाईक म्हणाला.

वैद्य पोटदुखीचा काढा पाजत राहिले. घोडी आडवी झाली, तेव्हा नाईक ठकूबाईच्या दारी धावला.

"बाई, काय होतं हो गाठीत?"

"धोतरा. उभा असला की जनावर वासानेच सोडतं. वाळला की कळत नाही बिचाऱ्याला. वैद्यांना सांगितलंत?"

नाईकाची मान खाली गेली.

"मग इथे काय करताय?"

तो परतला. सगळ्यांच्या देखत सगळं बोलला. औषध बदललं, वावडी वाचली. पण धावणं कायमचं गेलं.

राजाने चौकशी केली, तेव्हा ठकूबाईने तक्रारीचा शब्द काढला नाही. तिने शिव्या घातल्या असत्या तर बरं, असं नाईकाला वाटलं.

पुढे तो रोज वावडीला हळूहळू पाण्यावर नेई. वाटेत कोणी ना कोणी विचारीच, "काय झालं हो घोडीला?"

आणि दर वेळी त्याला सांगावं लागे, "मी विष घातलं."

बोध इतकाच: सांगणाऱ्याचं ऐकलं नाही की चूक होते, आणि झालेली चूक लपवली की तिची किंमत दुसऱ्याच जिवाला मोजावी लागते.