चांगुणेचे ताड

समुद्राला खेटून एक वाडी होती. वाडीत गोड्या पाण्याची विहीर एकच. दर उन्हाळ्यात खारा वारा सुटायचा नि किनाऱ्यावरची वाळू पुढे सरकायची. दोन घरं गिळून ती आता विहिरीपाशी येऊन ठेपली होती.

उपाय सगळ्यांना ठाऊक होता. ताड! तो खाऱ्या वाऱ्याला भीत नाही, पाण्यावाचून त्याचं अडत नाही. पण लावणार कोण? वाडीची पक्की समजूत होती, की ताडाची सावली लावणाऱ्याच्या उंबऱ्याला शिवली, की तो माणूस गेलाच म्हणून समजा. त्यामुळे भलेभले मागे सरायचे.

चांगुणेचं घर विहिरीला लागूनच. पन्नाशीची विधवा बाई, मागेपुढे कुणी नाही. भीती तिलाही वाटली. पण विहीर बुजली तर प्यायचं काय, डोंबल? तिनं वाळूच्या कडेनं ताडाच्या बियांची रांग लावली.

कितीतरी वर्षं जमिनीवर दोन-चार पानांपलीकडे काही दिसेना. झाड आधी मुळांनी खालीच जात होतं. मग खोडं वर निघाली. सूर्य समुद्राकडे कलला, की पानांच्या सावल्या बोटं पसरून अंगणात उतरायच्या. वाळकी पानं खडखडायची, जणू कुणी दार वाजवतंय. दर वर्षी ती बोटं उंबऱ्याकडे सरकत होती. चांगुणेच्या अंगावर सर्रकन काटा यायचा.

शेजारच्या दामू तांडेलाला राहवेना. "वैनी, तोडा ती झाडं! जिवापेक्षा झाड मोठं आहे का?"

एका संध्याकाळी बोटं उंबऱ्यापासून वीतभरच राहिली. चांगुणेनं कोयता उचलला. पण तिच्या तोंडाला कोरड पडली होती. आधी घोटभर पाणी प्यावं, म्हणून तिनं विहिरीत घागर सोडली. पाणी अजून गोड होतं. वाळू पलीकडे ताडांपाशीच अडून राहिली होती. चांगुणा हसली. कोयता खुंटीला अडकवून ती सावलीला म्हणाली, "ये बाई, यायचं तेव्हा ये."

पुढच्या भादव्यात पहिलं पिकलेलं फळ अंगणात धप्पकन पडलं. चांगुणा उंबऱ्यावर बसली होती. ती उठलीच नाही. सावलीची बोटं तिच्या मांडीवर पसरली होती.

"गिळलं ना झाडानं!" दामू किंचाळला.

त्याची सून विहिरीवर पाणी भरत होती. ती म्हणाली, "मामंजी, काकींची सत्तरी उलटली होती. ताडाला फळ धरायलाच एवढी वर्षं लागतात. आणि तुमच्या जोडीच्या ज्यांनी ताड लावला नाही, त्यांतलं आज कोण उरलंय?"

दामूनं आठवून पाहिलं. एकही नाव सुचेना. त्यानं ते फळ उचललं नि आपल्या अंगणाच्या कडेला खड्डा खणायला घेतला. मागे पानं खडखडली. त्यानं वळून पाहिलं नाही.

तात्पर्य: मरण झाड लावणाऱ्याला येतं नि न लावणाऱ्यालाही येतं, पण मागे गोड पाणी राहतं, ते लावणाऱ्यामुळेच.