जरा सरकून बस

"...पण मुळात माणूस बेघर होतोच कसा, आक्का? घर म्हणजे काय खिशातला रुमाल आहे, हरवायला?"

शिंत्रे गुरुजी तावातावाने बोलत होते. निवृत्त मुख्याध्यापक, गावच्या धर्मशाळेचे अध्यक्ष, वर मठातल्या येसाक्काचे बारा वर्षांपासूनचे शिष्य. एवढं सगळं एका डोक्यावर, मग ताठा नसेल तर नवल!

डोक्याला ताप झाला होता तो धर्मशाळेच्या ओसरीचा. सात कुटुंबं तिथं चुली मांडून बसली होती. आज चार वाजता बैठक. गुरुजींची सही झाली, की उद्या सगळ्यांना उठवणार. पण त्या सातांत हौसा निघाली. त्यांच्याच शाळेत वीस वर्षं खिचडी शिजवणारी हौसा. तिचं तोंड आठवलं की सहीचा हात अडायचा, म्हणून स्वारी मठात आली होती.

"तिला इचारलंस?" येसाक्कानं विचारलं.

"विचारलं की! नवरा पितो? नाही. मुलानं मारलं? नाही. सून कजाग? छे, गुणाची आहे म्हणे. मग घर सुटलं कसं? तर नुसती पदर चाळवत बसली. आता कारणच कळलं नाही तर उपाय काय करणार, कपाळ?"

"खरं हाय... जरा उठतोस? फरशी पुसायची हाय."

गुरुजी उठले. पडवीत जाऊन बाकावर टेकले.

"मला वाटतं, आळस. दुसरं काय असणार?"

"आसंल... जरा सरकून बस बाबा. बाया गहू निवडाय बसत्यात."

बाया आल्या, सुपं आली. गुरुजी सरकले, आणखी सरकले, शेवटी अंगणात चाफ्याशेजारी उन्हात जाऊन उभे राहिले. त्या बायांतल्या शेवंतानं तिथं चहा आणून दिला. म्हणजे मान होता हो, नाही असं नाही.

"आक्का, मी एवढा जीव तोडून विचारतोय..."

"ऐकतीया की. तेवढा बाजूला हो. कुरडयांवर सावली पडतीया तुझी."

गुरुजींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चैत्राचं ऊन, डोक्यावर टोपी नाही, आणि ही म्हातारी कुरडयांची काळजी करतेय! पण बोलायची सोय नव्हती. कुरडयांवर सावली पडतच होती. ते फाटकाशी गेले.

"आता इथं तरी उभा राहू ना?"

"ऱ्हा की... आगं बाई, म्हस आली. वाट सोड रं तिला, मारकी हाय."

म्हैस आत आली. गुरुजी रस्त्यावर.

समोरच्या घरातला कुत्रा भुंकायला लागला. सायकलवरून जाणारा एक जण थांबला, त्यानं गुरुजींना खालीवर न्याहाळलं.

"कुणाकडं काम हाय?"

"मठात. मी इथलाच आहे."

"आस्सं," म्हणून तो गेला. पण कोपऱ्यावरून त्यानं दोनदा वळून बघितलं. गुरुजींनी उगाच शर्टाची बटणं चाचपली.

घसा सुकला होता. आत बाया हसत होत्या. पाणी मागावं असं त्यांना दोनदा वाटलं. पण हाक कशी मारायची, तेच कळेना. बारा वर्षांत कधी बाहेरून हाक मारायची वेळ आली नव्हती.

एवढ्यात मघाशी चहा देणारी शेवंता कुरडया उलटताना थबकली. उन्हात डोळ्यांवर हात धरून तिनं फाटकाकडं बघितलं.

"आक्का, भाईर कोणतरी उभं हाय मघापास्नं. फाटक लावू का?"

"लाव."

कडी पडली.

आता मात्र गुरुजींचा तोल गेला. दोन्ही हातांनी फाटक गदागदा हलवत ते ओरडले, "आक्का! अहो मी आहे, मी! बारा वर्षं येतोय इथं! असं काय केलं मी, की मला हाकलून दिलंत?"



येसाक्का उठली, फाटकापर्यंत आली. गजांतून तिनं गुरुजींच्या घामेजल्या तोंडाकडं नवलानं बघितलं.

"आरं लेकरा," ती म्हणाली, "तुला जा म्हणालं कोण?"